माटुंग्याचा वरचा सा

“...मग दोघींतली गाणारी कोण, तेवढं ओळख. ओळखलंस तर जा, एकटा गा.”

विसूबुवा शिरढोणकर हे बोलले तेव्हा मी त्यांच्या समोर बसलो होतो. आईशप्पथ. पुढची गोष्टही सगळी खरी आहे. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

म्हणजे तसा समोर नव्हतो. बाहेर कट्ट्यावर होतो. खिडकी उघडी होती. खिडकीला गज आहेत, पण कान काय, गजांतूनही आत जातो.

आत बुवांसमोर भरत मालगावे बसला होता. मिरजेत मालगावे बंधू म्हटलं की गाण्यातली माणसं कान टवकारतात. थोरला भरत, धाकटा बाहुबली. दोघे बुवांचेच शिष्य, दोघे एकाच बैठकीत गाणारे. जैन पुराणातले भरत आणि बाहुबली राज्यासाठी एकमेकांसमोर उभे राहिले होते. नावं ठेवताना वडिलांनी पुराण अर्धंच ऐकलं असावं.

“बुवा, हुबळीच्या संमेलनाचं बोलावणं आलंय.”

“दोघांना?”

“दोघांना. पण मला एकट्याला जायचंय.”

बुवा तंबोऱ्याच्या तारेखालचा दोरा सरकवत होते. सरकवत राहिले.

“बाहूला ताप आहे?”

“नाही.”

“घसा बसलाय?”

“नाही, बुवा.”

“मग?”

भरतनं पुष्कळ दिवस दाबून ठेवलेलं बाहेर काढलं.

“ख्याल मी मांडतो, बुवा. एकेक सूर वीट रचावी तसा रचतो. घाम माझा निघतो. चढत चढत वरच्या सा पाशी आलं की हा मध्येच शिरतो आणि सा लावून मोकळा होतो. टाळ्या त्याला! भिंत मी बांधायची आणि झेंडा यानं लावायचा?”

बुवांनी तार छेडली. पुन्हा दोरा सरकवला.

आता बुवांच्या घरचा रिवाज सांगतो. त्यांनी मान डोलावल्याशिवाय त्यांचा शिष्य गादीवर बसत नाही. आणि एकदा एकट्यानं बसला, की पुन्हा जोडीत बसत नाही. म्हणजे भरत नुसती हुबळी मागत नव्हता. तो भावाला कायमचा उठवायला निघाला होता. हे त्याला माहीत होतं. बाहूला माहीत नव्हतं. तो त्या वेळी आतल्या खोलीत बुवांच्या नातीला उचक्या थांबवायला शिकवत होता.

आणखी एक. बाहू गायला लागला की भरत काय करायचा, ते अख्ख्या मिरजेला पाठ होतं. तंबोऱ्याची खुंटी पिळायचा. शाल सारखी करायचा. पाण्याचा पेला उचलायचा आणि पिता पिता पहिल्या रांगेत कोण कोण आलंय ते बघून घ्यायचा. भाऊ गात असताना हा माणूस नेहमी तहानलेला.

“रविवारी माटुंग्याला चल माझ्याबरोबर,” बुवा म्हणाले. “कर्नाटकी गाणं आहे. दोघी बहिणी गातात.”

“कर्नाटकी?” भरत हसला. “बुवा, ते गणिताचं गाणं. त्यात मला काय मिळणार?”

त्यावर बुवा ते बोलले. वर पहिल्या ओळीत लिहिलंय ते.

भरतनं वाकून नमस्कार केला. चेहऱ्यावर असं तेज, की हुबळी जिंकलीच. दोघींतली एक ओळखायची! त्याला तर मिरजेच्या तंबोऱ्यांतला भोपळा कुठल्या शेतातला ते ओळखू येत होतं, असं तोच सांगायचा.

रविवारी संध्याकाळी माटुंग्याला मी त्यांच्या मागच्याच रांगेत होतो.

नव्हतो. आमच्या मेव्हणीचं केळवण होतं. पण मागच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती असं भरत सांगतो, तेव्हा असतो तर तिथेच बसलो असतो.

सभागृह भरलेलं. मोगऱ्याचे गजरे, कांजीवरम साड्या, मागच्या दारातून येणारा कॉफीचा वास. मंचावर दोघी बहिणी. थोरली अलमेलू, धाकटी कनकम. एका बाजूला व्हायोलिन, एका बाजूला मृदंगम, मागे घटम घेऊन एक गृहस्थ. पोटावर मडकं की मडक्यावर पोट, ते कळायला मार्ग नाही.

भरतच्या शेजारी एक तमिळ मामी. नाकात दोन्ही बाजूंना हिरे. जन्म माटुंग्यातला, त्यामुळे मराठी आपल्याहून स्वच्छ.

गाणं सुरू झालं आणि सभागृह हललं!

खोटं नाही सांगत. सगळ्यांचे हात एकदम मांडीवर पडले. बोटं मोजू लागली, पंजे उलटे झाले, पुन्हा पडले. तिथे ऐकणारा प्रत्येक माणूस आपल्या मांडीवर ताल धरून बसतो. माटुंग्यातले डाससुद्धा आठ मात्रांत चावतात आणि बरोबर समेवर रक्त काढतात.

अलमेलूचा आवाज भरदार. सुरात पाय रोवून उभी राहणारी.

“थोरली!” भरत बुवांच्या कानाशी लागला. “गाणारी थोरली. झालं, बुवा.”

“हं.”

मग धाकटीनं पुढची ओळ उचलली. आवाज बारीक, पण असा झळकन गेला की पुढच्या रांगेतले म्हातारे सावरून बसले.

“वा!”

बुवा ओरडले. दोन्ही हात वर. पण तोंड अलमेलूकडे.

अलमेलू गप्प होती.

भरतला वाटलं, बुवांचा मोतीबिंदू पिकला.

“बुवा... गातेय ती धाकटी.”

“दिसतंय मला.”

आता अलमेलू गायला लागली. एक लांब फिरत घेतली, तळापासून वरपर्यंत, मध्ये कुठे श्वास घेतला ते देवालाच ठाऊक.

“क्या बात है!” बुवा म्हणाले.

कनकमला. कनकम गप्प बसली होती.

मामींना राहवेना. पुढे वाकून म्हणाल्या, “अहो बाबा, गाते तिला म्हणा की. ही नुसती बसलीय.”

“नुसती?” बुवा म्हणाले.

मामींनी मंचाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हळूच जिभेनं “च् च् च्” केलं.

भरत दचकला. आपल्याकडे हा आवाज मयताला गेल्यावर करतात.

“काय झालं, मामी? चुकल्या का त्या?”

“चुकल्या?” मामी म्हणाल्या. “ही आमची दाद. तुमचं ‘वा’ असतं ना, तसं. आणि आता बोलू नका.”

थोड्या वेळानं त्या अख्ख्या रांगेनं नादच लावून घेतला. गाणारीकडे कुणी बघेना. जी गप्प, तिला दाद. अलमेलू गप्प झाली की रांग अलमेलूकडे बघून च् च्, कनकम गप्प झाली की कनकमकडे. एक पेन्शनर तर म्हणे भेलकांडत बाहेर गेला आणि दोन कॉफ्या पिऊन परत आला.

मग स्वरांची फेक सुरू झाली. थोरलीनं सारेगमचा एक तुकडा टाकला, धाकटीनं तो झेलून परत मारला. थोरलीचा तुकडा लहान झाला, धाकटीचा त्याहून लहान. चार सूर, दोन सूर, एकेक सूर! मृदंगम धावतोय, घटमवाला मडक्याला मिठी मारून बडवतोय, मांड्यांवरचे हात लाल झालेत...

“धाकटी!” भरत म्हणाला. “बुवा, धाकटीच! ...थांबा. थोरली. नाही... बुवा, थांबा जरा.”

“मी बसलोच आहे.”

तेव्हा कुठे भरतनं, बुवा बघत होते तिकडे बघितलं.

कनकम गात होती. अलमेलूचा हात मांडीवर ताल देत होता, ते ठीक. पण कनकम अवघड वळणाशी यायच्या आधीच अलमेलूची भुवई वर जायची. ओठ मिटलेले, पण गळा हलायचा. डावा हात मांडीवरून किंचित उचललेला, उताणा. कनकम वळण घेऊन समेवर आली की अलमेलू श्वास सोडायची. गायली धाकटी, दम लागला थोरलीला.

भरतचा हात पायाशी ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीकडे गेला होता. वाटेतच थांबला. परत आला.

मग कल्याणी आली.

कल्याणी म्हणजे आपला यमनच. फक्त जरीचं उपरणं घेतलेला. भरतच्या रोजच्या रियाजातला राग. तो पाठ ताठ करून बसला.

आता ताल नव्हता. मांड्यांवरचे हात पडून राहिले. अलमेलू एकटी गात होती. खालच्या निषादापासून निघाली. गंधारावर बसली. उठली. तीव्र मध्यमाला बोट लावून परत फिरली. पुन्हा गेली. घाई नाही. भरतला प्रत्येक वीट दिसत होती. अशीच तो रचायचा. अगदी अशीच.

धैवत.

निषाद.

निषादावर ती उभी राहिली. यमनाचा निषाद असा असतो, की तिथे माणसाला फार वेळ उभं राहता येत नाही. वर सा दिसत असतो. अख्खं सभागृह पुढे झुकलं. घटमवाल्यानं मडकं सोडून दिलं, ते पोटावर आपोआप राहिलं.

आणि अलमेलू थांबली.

सा लावला नाही. मान वळवून तिनं धाकटीकडे बघितलं.

तो सा कनकमचा होता.

कनकमनं लावला नाही.

ती बहिणीकडे बघत राहिली. व्हायोलिनवाल्याचा गज हवेत. तंबोरा तेवढा वाजतोय...

कुणी खोकेना.

“लाव गं बाई...” मामी पुटपुटल्या.

...

आणि सा लागला.

पुरुषी आवाजात. प्रेक्षकांतून.

भरत उभा होता. डोळे मिटलेले. आपण कधी उठलो, त्याला माहीत नव्हतं. बायकांची पट्टी, त्यांचा वरचा सा म्हणजे भरतच्या पट्टीत पार वरचा पंचम. रियाजात तिथे त्याचा आवाज कापड फाटावं तसा फाटायचा. आज फाटला नाही. सरळ उभा राहिला, छताला लागला.

सगळी डोकी मागे वळली.

भरतनं डोळे उघडले. पहिला दिसला तो अलमेलूचा चेहरा.

भिंत तिची होती. तिनं रचलेली, तिच्या घामाची. आणि कुठल्या तरी मिरजेच्या माणसानं उठून तिच्यावर झेंडा लावला होता. भरतला पुढचं माहीत होतं. हा राग कसा असतो, कपाळावर कुठे आठी पडते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

आठी पडली नाही.

दमून घरी यावं, किल्ली शोधायच्या आत कुणी आतून दार उघडावं, तेव्हा माणसाचा चेहरा होतो, तसा अलमेलूचा झाला. तिनं दोन्ही हात त्याच्या दिशेनं उचलले.

“भेष्!” ती म्हणाली.

आणि कनकमनं भरतचा तो सा हवेतल्या हवेत उचलला, आपल्या गळ्यात घेतला आणि जी वर गेली! व्हायोलिन धावलं, मृदंगमवाला ताल नसतानाही हसत सुटला, आणि सभागृहभर “च् च् च् च्...”

मामींनी भरतचा सदरा धरून ओढला.

“बसा आता, बाबा. तुमचं झालं.”

भरत बसला. पुढचं गाणं त्याला आठवत नाही. बाटली तशीच भरलेली परत आली, एवढं आठवतं.

बाहेर कॉफी मिळत होती. स्टीलचा पेला, स्टीलची वाटी. बुवा कॉफी इकडून तिकडे ओतत थंड करत होते. निम्मी धोतरावर.

“मग?” बुवांनी विचारलं. “गाणारी कोण?”

भरतनं पेल्यात बघितलं.

रस्त्यावरून एक फुलवाली ओरडत गेली. मामी लांबून हात हलवून गेल्या.

“बुवा...”

“हं.”

“बाहूला आणायला हवं होतं.”

बुवांनी उरलेली कॉफी पिऊन टाकली.

“आणला होतास की.”

हुबळीला दोघे गेले. बुवांना पुन्हा कुणी काही विचारलं नाही. गादीवर दोघे बसले, तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो. हे खरंच. माझ्याकडे पुरावाही आहे. बसचं तिकीट हरवलं, नाहीतर दाखवलं असतं.

भरतनं यमन मांडला. तास-दीड तास रचत रचत निषादापर्यंत आणला.

आणि थांबला. बाहूकडे वळला.

बाहू नेहमीप्रमाणे शिरायच्या तयारीत होता. पण शिरायला दार बंद लागतं. दार उघडं बघून बिचारा गोंधळला. इतक्या वर्षांत त्याला कुणी ‘ये’ म्हटलं नव्हतं. तो भरतकडे बघत बसला.

भरतची भुवई वर गेली. डावा हात मांडीवरून उचलला, उताणा झाला.

“लाव की रे,” तो म्हणाला. माईकमध्ये.

लोक हसले. बाहू हसला. हसता हसताच सा लागला...

टाळ्या नेहमीसारख्या बाहूलाच पडल्या. भरत सगळ्यांच्या आधी “वा!” म्हणून गेला होता, त्यामुळे त्याला त्या ऐकू आल्या नाहीत. पाण्याचा पेला गाणं संपेपर्यंत काठोकाठ भरलेला होता. शेवटी तो तबलजीनं प्यायला.

आता कबुली.

कनकमनं भरतचा सा उचलून पुढे नेला, ते मी घातलं. असं काही झालं नाही. ती थांबली, पदरानं हसू आवरलं, आणि आपला सा आपल्याच जागेवरून लावला. अख्खी रांग गप्प असणारीला दाद देऊ लागली, हेही माझंच. मामींनी तेवढी दिली होती. तो पेन्शनरही नव्हता.

डास होते.

अलमेलूचा चेहरा मात्र माझा नाही. तो भरतनं सांगितला, बुवांनी सांगितला, आणि पुढे एकदा माटुंग्याला गेलो तेव्हा मामींनीही सांगितला. तिघांनी अगदी एकसारखा. तसला चेहरा मला रचता येत नाही. प्रयत्न केला होता.

ही सगळी गोष्ट मी एकदा बुवांना ऐकवली. या वेळी खिडकीबाहेरून नाही, समोर बसून. बुवा तंबोऱ्याच्या तारेखालचा दोरा सरकवत होते. मी रंगून सांगत होतो. भिंत झाली, झेंडा झाला. डासांवर मी थांबलो, दाद येईल म्हणून. आली नाही. मडकं झालं, ‘भेष्’ झालं. मी उभा राहून सा लावून दाखवला, तो फाटला. बुवांनी मान वर केली नाही. हुबळी झाली, भरलेला पेला झाला. मग जरा आणखी घातलं, तबलजीला उचकी लावली. ती बुवांच्या नातीनं थांबवली, असंही सांगून बघितलं.

काही नाही.

शेवटी माझ्याकडचं सगळं संपलं. खरं संपलं, खोटंही संपलं. सांगण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी गप्प बसलो.

...

बुवांनी तंबोरा बाजूला ठेवला. माझ्याकडे बघितलं. दोन्ही हात वर केले.

“वा!”